माझा आवाज धुळ्याच्या वाटणीला गेला

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढे जे लिहिणार आहे ते गोडगोड होणार नाही.

पंधरा-सोळा वर्षं मी जळगावच्या एका केबल चॅनलवर वाचायला होते. बातम्या वाचल्या, केळीचे आणि कापसाचे भाव वाचले, नवरात्रात गरब्याच्या बक्षिसांच्या याद्या वाचल्या. पण लोकांनी मला ओळखलं ते निधनवार्तांमुळे. सकाळी साडेसातला आणि नऊला मेलेल्या माणसाचा फोटो लागायचा आणि मागून माझा आवाज यायचा, कोण गेलं, कुठल्या गावचं, अंत्ययात्रा राहत्या घरून किती वाजता निघणार. भाजीबाजारात बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या, "अगं, ती बघ, मयतवाली!" नवरा चिडवायचा, "तू खोकलीस तरी लोक नाडी बघतात." मी म्हणायची, बघू देत की, तब्येत चांगली राहील.

चॅनल भाऊने काढलं. भाऊ म्हणजे सख्खा नव्हे. आमच्या गच्चीवरून केबलची वायर टाकायला आला होता, जळगावच्या उन्हात घामाघूम झालेला. मी तांब्याभर पाणी दिलं आणि वायर कुंडीवरून नेली म्हणून चांगली झाडलीही. तो पाणी पिता पिता म्हणाला, "ताई, काय आवाज आहे तुमचा! आमच्या केबलवर दिवाळीच्या शुभेच्छा वाचाल का?" मी वाचल्या. पुढच्या श्रावणात त्याला राखी बांधली, आणि पुढे एकही राखी चुकवली नाही. त्याला बहीण नव्हती. मला सोनगीरला एक सख्खा भाऊ होता, पण तो घुम्या. हा कसा, घरात आला की चुलीपर्यंत बोलत यायचा.

सुरुवातीला सगळं एका दुकानाच्या माडीवर चालायचं. एक कॅमेरा, एक कॉम्प्युटर, आणि तो चालवायला चाचा. चाचांचं आधी टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तांबापुऱ्याकडे. बंद पडलेली कुठलीही वस्तू त्यांच्या हातात दिली की ती बोलायला लागायची. कार्यक्रम कापायचे, जोडायचे, आवाज लावायचा, सगळं तेच करायचे. मग धुळ्याचे शेठ भागीदार झाले. मूळचं राजस्थानचं घराणं, आग्रा रोडला टीव्ही-फ्रिजचं दुकान, बोलणं मोजकं. शेठ आले आणि चॅनल दोन जिल्ह्यांत दिसायला लागलं. धुळ्याला ऑफिस झालं, बाहेरून थेट दाखवायची गाडी आली, गाडीवर नाव रंगवलं. ती पांढरी गाडी गणपती विसर्जनाला उभी राहिली की पोरंबाळं तिच्याभोवती गोळा व्हायची. भाऊ तिच्या टपावर चढून हात हलवायचा. अहो, मंत्र्याने काय हलवावा!

आणि खरंच सांगते, तेव्हा मला अभिमान होता. माझी माय सोनगीरला राहायची. घराच्या ओट्यावर टीव्ही ओढून घ्यायची, आळीतल्या म्हाताऱ्या जमवायची. मी माहेरी गेले की आमच्या अहिराणीत म्हणायची, "तू बठ्ठा मरेल मानसंसना नावे वाचस. जित्तासना कव्हय वाचशी?" आणि स्वतःच हसायची. एकदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेले होते. झोक्यावर बसून पोरी गाणी म्हणत होत्या, माय माझ्या डोक्याला तेल घालत होती. तेल घालता घालता म्हणाली, "मना टाईमले तूच सांगजो हां. तू सांगशी ते बठ्ठा येतीन." मी तिचा हात झटकला. म्हटलं, माय, सणासुदीचं काय बोलतेस. पण मनात कुठेतरी ते शब्द दिल्यासारखे राहिले. तिच्या वेळेला मी सांगायचं, आणि सगळ्यांनी यायचं.

निधनवार्तेचा आमचा एक नियम होता. तो कसा आला ते ऐका. सुरुवातीच्या वर्षात एरंडोलच्या एका आबांची बातमी लागली. दवाखान्यातून पुतण्याने फोन केला, आम्ही फोटो लावला, मी गळा जड करून वाचलं. चौथ्या दिवशी ते आबा काठी टेकत माडीचा जिना चढून वर आले. दारात उभे राहून ओरडले, "कोन शे ती बाई, माले मारी टाकनारी?" मी टेबलाखाली जायची बाकी होते. भाऊने त्यांना खुर्ची दिली, चाचांनी चहा आणला. आबांचा राग चहाने गेला. पण जाताना म्हणाले, "हसू नका. मनी लेक पुण्याहून रडत उनी." त्या दिवशी मी भाऊला सांगितलं, आजपासून घरी फोन केल्याशिवाय मी एक अक्षर वाचणार नाही. फोन घरातल्याच माणसाला. कोण, कुठून, किती वाजता. वेळ दोनदा विचारायची. भाऊ म्हणाला, "ताई म्हणेल तसं." आणि तसंच चाललं.

हळूहळू काय झालं, लोकांनी मयताचा सांगावा धाडणंच सोडलं. आधी कसं, कुणी गेलं की गावोगाव माणूस पाठवायचे, नंतर फोन करायचे. आता आम्हाला एक फोन केला की झालं. "चॅनलवर दिलंय," एवढंच म्हणायचे. दोन जिल्ह्यांतली अर्धी सोयरीक माझ्या भरवशावर मयताला पोहोचायची. एवढा भरवसा सांभाळणं काही खायचं काम नाही. सर्दी झाली तरी मी सुंठ चघळत वाचायची.

मग माझं गर्भाशयाचं ऑपरेशन निघालं. भाऊ घरी आला, सफरचंदं घेऊन. म्हणाला, "ताई, महिनाभर तू नसशील. लोकांना तुझ्याच आवाजाची सवय. आपण असं करू का, गावांची नावं, वार, वेळा, सगळं सुटंसुटं रेकॉर्ड करून ठेवू. चाचा जोडतील. मयताचं नाव पडद्याखालच्या पट्टीवर दाखवू, बाकी तुझा आवाज." मी म्हटलं, चालेल, पण फोनचा नियम मोडायचा नाही. त्याने राखीच्या मनगटाला हात लावला. "तुझी शपथ ताई. आणि हे फक्त तुझ्या सुट्टीपुरतं."

आठवडाभर आम्ही रेकॉर्डिंग केलं. खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद. तालुक्यामागून तालुका मी गावं बोलत होते. सकाळी आठ, सकाळी साडेआठ, असं करत सायंकाळी सहापर्यंत. घामाच्या धारा, आणि कानाला लावलेल्या त्या हेडफोनची आग. "सोनगीर" म्हटलं आणि चाचांनी हात वर केला. "ताई, हे परत घ्या. बाकीची गावं तुम्ही वाचता. ह्याला तुम्ही हाक मारता." मी हसले, पुन्हा कोरडं म्हटलं. पण नंतर चाचांनी पहिलंच ठेवलं. म्हणाले, "असू द्या, बरं वाटतं ऐकायला."

सुट्टी संपली, मी परत माइकसमोर बसले. ते सुटे आवाज कॉम्प्युटरमध्ये पडून राहिले. कधी लग्नकार्याला गेले तर चाचा वापरायचे, आधी फोन करून. चाचांवर माझा डोळे मिटून विश्वास.

मोडायचं कारण एक नव्हतं. डिश आल्या, सेट टॉप बॉक्स आले, मग लोक मोबाइलवरच सगळं बघायला लागले. भाऊ आणि शेठ बोलेनासे झाले. भाऊला वाटायचं शेठ धुळ्याचंच बघतात, शेठना वाटायचं भाऊ जळगावात मिरवतो. एके दिवशी भाऊने सगळ्यांना माडीवर बोलावलं. चॅनल बंद करतोय म्हणाला. माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि ढसाढसा रडला. मी पण रडले. वेडीच मी. घरी येऊन त्याच नारळाच्या वड्या केल्या आणि डबा भरून त्याच्याच घरी पाठवला.

त्यानंतर वर्षभरात माय फोनवर विचित्र बोलायला लागली. "आज सकायले ऐकं तुले. आवाज बसेल व्हता का तुना?" मी म्हटलं, "माय, मी घरी आहे. पोळ्या करतेय. चॅनल कधीच बंद पडलं." दोन दिवसांनी पुन्हा तेच. मला वाटलं, वय झालं, घोळ घालते. एकदा मी चिडलेच. "माय, कितीदा सांगू? मी नाही वाचत आता!" ती हळूच म्हणाली, "मंग कोन बोलस ते?" मी हसून फोन ठेवला. नवऱ्याला म्हटलं, मायच्या डोक्याचं काहीतरी बघायला पाहिजे.

उन्हाळ्यात माय गेली. पहाटे झोपेतच. माझ्या सख्ख्या भावाचा फोन आला, आम्ही जळगावहून निघालो, साडेनऊच्या सुमारास सोनगीरला पोहोचलो. घरात बायका बसलेल्या. टीव्हीवर चादर टाकलेली. मी मायच्या पायाशी बसले आणि मग मला काही कळत नव्हतं. थोड्या वेळाने भावाला विचारलं, "मावशीला कळवलंस ना?" मावशी म्हणजे मायची धाकटी बहीण, दोंडाईचाची. मामा दोघेही गेलेले, मायच्या माहेरचं असं तेवढंच माणूस उरलेलं. आमच्याकडे बाई गेली की माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलत नाहीत. ते मावशीनेच आणायचं होतं.

माझा सख्खा भाऊ म्हणाला, "चॅनलवर दिलंय की. अकरा वाजता म्हणून पाठवलं मोबाइलवर. मावशी रोज बघते."

मला वाटलं, बंद पडलेल्या चॅनलच्या नावावर धुळ्याला कुणीतरी नुसती पट्टी चालवत असेल. आणि इथे मी जी चूक केली ती मला मरेपर्यंत पुरेल. दुसऱ्यांच्या घरी दोन-दोनदा वेळ विचारणारी मी, माझ्या घरच्या मयताची वेळ बरोबर लागली का, हे एकदाही विचारलं नाही. मावशीला फोन लावला, तो बंद. तिचा तो बटणांचा फोन कायमच बंद. मुलगा सुरतला. सगळे म्हणाले, निघाली असेल, येईलच.

अकराचे बारा झाले. बारा वाजून गेले. ऊन असं की ओट्यावर पाय ठेवता येईना. म्हातारी माणसं भावाच्या कानाशी लागली, आता ठेवता येणार नाही. शेवटी काकूने स्वतःचं नवं लुगडं पेटीतून काढून मायवर घातलं. मायला नेलं.

साडेचारला काळीपिवळी जीप दारात थांबली. मावशी उतरली, मागून आठ-दहा बायका, दोंडाईचाच्या आणि वाटेतल्या गावांतल्या. मावशीच्या हातात लुगडं होतं, दुकानाच्या पिशवीतलं, नवंकोरं. पाचला वेळ आहे म्हणून ती बाजारात गेली होती, दोन दुकानं फिरून मायच्या आवडीचा रंग शोधून आली होती. अंगणात पाणी शिंपडलेलं बघून ती जागीच थांबली. मग माझ्याकडे बघितलं.

"तूच सांगं ना व पोरी, पाच वाजता म्हनीसन. मी तुना आवाज वळखस. दोनदा ऐकं."

मी म्हटलं, "मावशी, मी नाही गं..."

"तूच. सोनगीर म्हननी तू. आसं तूच म्हनस." आणि मग ती खालीच बसली. "मनी बहीननं तोंडबी दखायनं नही माले."

बाकीच्या बायकाही माझ्याकडेच बघत होत्या. एकीने मोबाइलवर ते काढून मला दाखवलं. मायचा फोटो. खाली मायचं नाव. आणि माझा आवाज. "सोनगीर" तसंच, हाक मारल्यासारखं. "अंत्ययात्रा राहत्या घरून, सायंकाळी पाच वाजता."

मी ते तीनदा ऐकलं. मला आधी मायच आठवली. मंग कोन बोलस ते? म्हणजे ती खरं बोलत होती. इतके दिवस रोज सकाळी ती मला ऐकत होती, आणि मी तिला वेडी ठरवली.

मायचे दिवस झाल्यावर मी चाचांकडे गेले. ते पुन्हा दुरुस्तीच्या दुकानात बसत होते. त्यांनी कानाला लावून ऐकलं आणि चष्मा काढला. "ताई, हे आपलंच जोडलेलं आहे. तुम्ही भाच्याच्या लग्नाला गेला होता ना, त्या दिवशीचं. सोनगीरच्याच एका आजी होत्या. पाचची वेळ होती, फोन मीच केला होता. धुळेवाल्यांनी नुसता फोटो आणि नाव बदललंय." चष्मा पुसला. मग म्हणाले, "तुम्हाला सांगितलं नाही कुणी? वाटणीच्या कागदात होतं. मला वाटलं, भाऊने विचारलं असेल तुम्हाला."

वाटणीत खुर्च्या होत्या, कॅमेरे होते, गाडी होती, आणि कॉम्प्युटरमधला माझा आवाज होता. शेठना धुळ्याचं चॅनल चालू ठेवायचं होतं, त्यांना आवाज हवा होता. भाऊला गाडी हवी होती. भाऊने गाडी घेतली आणि मला दिलं. आणि त्यानंतर मला शाल घातली.

मी तशीच भाऊच्या ऑफिसात गेले. तो आता इंटरनेटचे कनेक्शन देतो. बाहेर ती पांढरी गाडी उभी होती, नावावर रंग मारलेला. मला बघून उठला, "ये ताई, मायचं कळलं, यायचंच होतं..." मी म्हटलं, गप्प बस. सगळं सांगितलं. मावशीचं, लुगड्याचं. त्याचा चेहरा उतरला, हे खोटं नाही सांगत. पण म्हणाला काय? "ताई, आवाजच तर होता गं. तू काही तिथे जाणार नव्हतीस."

"मला विचारलं का नाहीस?"

त्याने खाली बघितलं. "विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

म्हणजे त्याला माहीत होतं! मला राहून राहून तेच टोचतं. अडाणीपणाने केलं असतं, विसरला असता, तर मी चार शिव्या घालून त्याच्याच घरी जेवून आले असते. पण त्याने पक्कं ओळखून केलं. पहिल्या दिवशी मी हातात दिलेला पाण्याचा तांब्या, एवढ्या सगळ्या राख्या, माझ्या ऑपरेशनच्या वेळची ती शपथ, सगळं त्याला आठवत होतं आणि तरी त्याने सही केली. विश्वासघात म्हणतात ना, तो हाच. मी त्याला म्हटलं, येत्या श्रावणात माझ्या दारात पाय ठेवू नकोस.

शेठना फोन केला. ते सरळ बोलले. "ताई, मला कागदावर दिलंय. तुम्हाला विचारलं नसेल हे मला ठाऊक नव्हतं. काढायला सांगतो." आठ-दहा दिवस आवाज बंद होता. मग लोकांनी तक्रारी केल्या म्हणे, बाईचा आवाज का नाही, खरं वाटत नाही. पुन्हा सुरू झाला. मी वकिलाकडे जाऊन आले. त्याने कागद मागितला. माझ्याकडे कुठला कागद! मी तर राखी बांधत होते.

मावशीने ते लुगडं परत नेलं नाही. माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "तुनीजवळ ठेव." कपाटात आहे. घडी मोडली नाही.

आता मी रोज सकाळी साडेसातला मोबाइलवर धुळ्याचं चॅनल लावते. नवरा म्हणतो, कशाला जिवाला त्रास करून घेतेस. पट्टीवर घरच्यांचा नंबर असतो, तो वहीत लिहून घेते आणि फोन लावते. बहुतेक वेळा वेळ बरोबर असते. परवा नरडाण्याच्या एका घरी लावला. पलीकडे एक बाई होती, रडून घसा बसलेला. मी म्हटलं, "अंत्ययात्रेची वेळ एकदा सांगता का?"

तिने आवाज ओळखला असावा.

"ताई, तुम्हीच तर आत्ता सांगितलं टीव्हीवर."

"ती मी नाही," मी म्हटलं. "तुम्ही सांगा. किती वाजता?"